झाकणाचा अर्थ

अण्णाच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं की आधी खट् असा आवाज यायचा, मग थोडी खरखर, आणि मग मागच्या गल्लीतल्या मागांच्या खडखडाटातून कुणीतरी इंग्रजीत रडायला लागायचं. रडणं हा शब्द अव्वाचा. ती उखळात शेंगाची चटणी कुटत असायची आणि कुटता कुटता म्हणायची, "ह्येला काय झालंय म्हणावं एवढं वरडायला? जेवला न्हाय काय?" सोलापुरातल्या आमच्या घरात कानडी आणि मराठी मिसळूनच बोललं जायचं. आई म्हणजे अव्वा, वडील म्हणजे अप्पा, आणि थोरला भाऊ शिवानंद म्हणजे अण्णा. अप्पांचं पेंडीचं दुकान होतं. सरकीच्या पेंडीचा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, माझ्या कॉलेजच्या वह्यांनासुद्धा असायचा. अप्पांना अण्णाचं गाण्याचं वेड पसंत नव्हतं, पण ते बोलायचे नाहीत. जेवताना कडक भाकरी जरा जास्त जोरात मोडायचे, एवढंच.

ती रॉकची गाणी. कॅसेटी कुणाकुणाकडून उसन्या यायच्या, त्यांवर शब्द छापलेले नसायचे. अण्णाला सूर कळायचे, इंग्रजी कळायचं नाही. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं आणि माझा कान बरा होता, म्हणून शब्द उतरवून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. एक ओळ ऐकायची, थांबवायची, मागं न्यायची, परत ऐकायची. आधी देवनागरीत जसं ऐकू येईल तसं लिहायचं, मग शब्दकोश घेऊन त्याचं इंग्रजी जुळवायचं. कितीदा चुकायचं. एका गाण्यात एक माणूस 'नीज' म्हणजे गुडघे म्हणतोय की 'कीज' म्हणजे चावी, यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं होतं. अण्णाचा मित्र व्यंकटेश तेव्हा मध्ये पडला. "चावी असंल न्हायतर गुडघे असंल, दोन्हीला दुखतंय बघ त्येला," म्हणाला. व्यंकटेश मागवाल्यांचा, घरात तेलुगू बोलणारा. चिंचोळीच्या एमआयडीसीत अण्णाबरोबर एकाच कारखान्यात कामाला होता. सूत रंगवायचा कारखाना होता तो. हाताच्या नखांत निळा-लाल रंग घेऊनच दोघं घरी यायचे. व्यंकटेश आमच्याकडं जेवायला बसला की चटणीत तेलाची विहीर करायचा आणि अव्वाला हसवायचा. त्याच्याइतका चेष्टेखोर माणूस मी पाहिला नाही. हे चेष्टेखोर असणं पुढं कसं नडलं ते सांगायचंच आहे.

आता राजहंस सरांबद्दल. हे नाव मी त्यांना इथं दिलं आहे. खरं नाव लिहायची मला इच्छा नाही. ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे आणि रविवारी सकाळी त्यांच्या बंगल्यावर एक अभ्यासमंडळ भरायचं. दिवाणखान्यात जाड गालिचा, मोठा टेप, पितळी ताटात चिवडा. सर डोळे मिटून गाणं ऐकायचे, गाणं संपल्यावरही थोडा वेळ डोळे मिटूनच बसायचे आणि मग "अहाहा" म्हणायचे. तो अहाहा ऐकायला आम्ही दहा-पंधरा मुलंमुली कानांत प्राण आणून बसायचो. नंतर ते अर्थ सांगायचे. गाण्यात 'तू' आला की तो परमात्मा. रस्ता आला की साधना. पाऊस आला की कृपा. नशा, दारू, शहर, पैसा आला की मोह. या गोऱ्या पोरांच्या गिटारीत आत्म्याचा आक्रोश आहे, त्यांना स्वतःलाही तो ठाऊक नाही, आणि तो ओळखायला आपल्या मातीतलाच कान लागतो, असं ते सांगत. आम्हाला हे फार मोठं वाटायचं. पेंडीच्या वासातून उठून आल्यावर तर फारच.

अण्णा एकदाच आला तिथं. बायको सोडून गेलेल्या माणसाचं गाणं लागलं होतं. सर जीव आणि शिवाच्या ताटातुटीवर बोलत होते. अण्णानं हात वर केला आणि म्हणाला, "सर, त्येची बाईल आगगाडीत बसून गेलीया. तेवढंच हाय की त्यात."

सर हसले. "शिवानंद, तू शब्दाच्या उंबऱ्यावरच थांबलास."

सगळे हसले. मीही हसले. परत येताना अण्णा सायकल चालवत होता, मी मागं बसले होते, आणि मला त्याची लाज वाटत होती. तो परत कधी आला नाही. मी मात्र त्या खेळात इतकी तरबेज झाले की सर माझ्याकडं बघून म्हणायचे, "सुमंगला, तूच सांग आता." मी सांगायचे. कसलंही गाणं द्या, मी अर्ध्या तासात त्यातून देव काढून दाखवत असे. आज ते आठवलं की जिभेवर काहीतरी बुळबुळीत आल्यासारखं होतं.

त्या वर्षी व्यंकटेश गेला. कारखान्याच्या सांडपाण्याची जमिनीखालची टाकी साफ करायला त्याला खाली उतरवलं होतं, तिथल्या वायूनं गुदमरून गेला. अण्णा त्या दिवशी त्याच पाळीत होता. घरी आला तेव्हा बूट न काढता आत आला आणि अव्वाच्या उखळापाशी बसून राहिला. अव्वानं त्याचे बूट काढले, पाय धुतले. त्यानं दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला, कारण जावंच लागायचं. कारखान्यानं सांगितलं की व्यंकटेश कुणाला न विचारता, स्वतःच्या मर्जीनं खाली उतरला. चौकशी होणार असं सगळे म्हणत होते, चौकशी काही होत नव्हती.

महिनाभरानं अण्णानं एक गाणं केलं. तो आणि त्याचे दोन मित्र बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्ये वाजवायचे, तिथंच एका कॅसेटवर ते भरलं. गाणं आमच्या घरच्याच बोलीत होतं. त्यातल्या ओळी अशा:

झाकण काढा, वर कोण हाय काय
पायाला पायरी लागंना
खालचा वारा संपत आला
वर कोण हाय काय

एवढंच परत परत. शेवटी अण्णा ते ओरडतच राहतो आणि मग मध्येच टेप संपते.

मी ते ऐकलं आणि सरांकडं घेऊन गेले. आता जे लिहिते आहे ते लिहायला मला म्हातारपण यावं लागलं. ते झाकण कसलं आहे हे मला माहीत होतं. घरात बसून अव्वाला अण्णाचे पाय धुताना पाहिलं होतं मी. तरी मला वाटलं की नुसत्या टाकीचं गाणं लहान आहे, मी त्याला मोठं करीन. सरांनी डोळे मिटून ऐकलं. अहाहा म्हणाले. मंडळाच्या वार्षिक समारंभात हे गाणं वाजेल आणि त्यावर मी निबंध वाचावा, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. समारंभाला पाहुणे कोण, तर त्याच कारखान्याचे मालक. दरवर्षी तेच असायचे. सभागृहाचा खर्च ते करायचे.

अण्णाला मी सांगितलं तेव्हा तो गिटारीची तार बदलत होता. "मालकासमोर वाजणार हाय?" त्यानं विचारलं.

"पहिल्या रांगेत बसतात ते," मी म्हणाले.

तो बराच वेळ तार पिळत राहिला. "मग वाजू दे. व्यंकटेशच्या अम्माला बी आणतो मी."

त्याला काय वाटलं होतं ते मला कळत होतं. मालकाच्या तोंडावर ती हाक वाजेल, भरल्या सभेत. मी त्याला तसं वाटू दिलं. निबंधात काय आहे ते सांगितलं नाही.

समारंभ सकाळी होता. मी अव्वाची इरकल नेसले होते. अण्णा मधल्या रांगेत, त्याच्या शेजारी लच्छम्मा, व्यंकटेशची आई. विड्या वळणारी बाई. इतक्या खुर्च्यांच्या सभागृहात ती पहिल्यांदाच आली असावी, पदर दोन्ही हातांनी धरून बसली होती. आधी गाणं वाजलं. मालक मान खाली घालून ऐकत होते, आणि खरं सांगते, एक क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. मग मी उभी राहिले आणि ती भीती पुसून टाकली. झाकण म्हणजे अविद्या, मी वाचलं. खाली अडकलेला तो जीव. न लागणारी पायरी म्हणजे गुरुविना साधना. 'वर कोण हाय काय' ही मानवजातीची सनातन आर्त हाक. मालकांनी मान वर केली. हळूहळू डोलवू लागले. मी वाचत गेले तसं त्यांचं अंग सैल होत गेलं ते मला स्टेजवरून दिसत होतं, आणि मला वाटत होतं, माझं लिखाण त्यांना भिडतंय. टाळ्या पडल्या. मालक बोलायला उठले. आमच्या कामगारांत एवढी आध्यात्मिक जाण आहे हे ऐकून ऊर भरून आला, असं म्हणाले. रुमालानं डोळे टिपले. त्यांनी मला शाल दिली तेव्हा त्यांच्या अंगाचा अत्तराचा वास माझ्या नाकात बसला. मग सरांनी पुकारलं, "आता कवी शिवानंद यांनी मंचावर यावं." अण्णा उठला, त्यानं लच्छम्माचा हात धरला आणि तिला घेऊन दाराबाहेर गेला.

घरी आले तेव्हा तो गच्चीवर होता, अव्वानं वाळत घातलेल्या शेंगांपाशी. मी शाल खालीच ठेवून वर गेले. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं दिल्या नाहीत.

"सुमे, बस," तो म्हणाला. "तुला गाण्याचा अर्थ पायजे की. सांगतो."

त्या दिवशी कारखान्यात माल बघायला बाहेरचे व्यापारी आले होते. टाकीचा वास अंगणात पसरला होता, म्हणून मॅनेजरनं सांगितलं, पोरगा आत असला तरी झाकण वरनं लावून घ्या, थोडीशी फट ठेवा. अण्णाला वर उभं राहायला ठेवलं होतं, पण लगेच वीस पावलांवरची पिंपं हलवायला लावलं. तिथं असताना त्यानं पहिली हाक ऐकली. वर कोण हाय काय.

"मी हसलो," अण्णा म्हणाला. "मला वाटलं चेष्टा करायलाय. रोजच करायचा की. मी म्हटलं, कोन न्हाय बग वर, समदी जेवायला गेली. आन् हातातलं पिंप जाग्यावर न्हेऊन ठेवलं. मग गेलो. तवर दुसरी हाक आली, ती बारीक होती. झाकण काढलं. खाली पडला होता. उतराय लागलो तर लोकांनी धरलं. दोर कुलपात. किल्ली सुपरवायझरकडं, त्यो पाव्हण्यांबरं जेवायला."



"गाण्यात त्यो हाक मारतोय न्हवं," अण्णा म्हणाला, "वर मी हाय. तुमच्या सरांना ईश्वर दिसला वर. मी हुतो."

शेंगांवर कावळे उतरले होते, ते त्यानं हाकलले आणि खाली निघून गेला. वर्षभर मी गाण्यांतून आत्म्याचा झगडा शोधत बसले होते. तो माझ्या घरात, माझ्या शेजारच्या अंथरुणावर झोपत होता, आणि मला दिसला नव्हता.

पुढच्या रविवारी सरांकडं गेले. मंडळ भरायच्या आधी. त्यांना म्हणाले, "सर, ते खरंच टाकीचं झाकण होतं. आपल्या पाहुण्यांच्या टाकीचं."

"मला का ठाऊक नाही?" सर म्हणाले. अगदी शांतपणे. "पेपरात आलं होतं. म्हणून तर अर्थ द्यावा लागतो, सुमंगला. नुसतं मरण लोकांना सोसत नाही. आपण त्याला वर उचललं. त्या मुलाचं सोनं झालं." आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. "चिवडा घे. आज ताजा आहे."

त्यांचा राग यायला हवा होता. मला ओकारी आली. फाटकाबाहेर गटाराच्या कडेला बसून मी सकाळी खाल्लेलं सगळं ओकले. 'वर उचललं' हे शब्द माझेच होते. निबंधाच्या तिसऱ्या पानावर मी तेच लिहिलं होतं. सरांची किळस आली तशी स्वतःचीही आली, आणि दोन्हींत मला फरक करता येईना. आजही येत नाही. सरांनी पुढं त्या समारंभातल्या निबंधांचं पुस्तक काढलं, माझाही त्यात घातला, न विचारता. मागच्या महिन्यात एक मुलगी ते वाचून माझ्या घरी आली. जुन्या सोलापुरातल्या रॉकवर काहीतरी करते आहे म्हणाली. मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "आजी, त्या गाण्यातला आत्मिक संघर्ष उलगडून सांगाल?" चांगल्या घरची, गोड मुलगी. तिचा दोष नाही. तिला चहा दिला आणि मोबाइल बंद करायला सांगितला. ती गेल्यावर हे लिहायला बसले.

तेव्हा, सरांकडून परतल्यावर, लच्छम्माकडं जायला मला आठ दिवस लागले. अण्णा बरोबर आला. ती दारात सुपात तंबाखू आणि पानं घेऊन बसली होती, हात चालूच होते. मला बघून म्हणाली, "ये गं. लई चांगलं वाचली तू. मला समजलं न्हाई, ते पुस्तकाचं मराठी. पण मी बी टाळ्या वाजवले, सगळे वाजवत होते म्हणून."

मी जमिनीवर बसले. काय वाचलं होतं ते तिला सोप्या शब्दांत सांगितलं. मालक कशाला रडले तेही सांगितलं. तिचे हात थांबले. ती माझ्याकडं बघत नव्हती, अण्णाकडं बघत होती. मग अण्णानं तिला गच्चीवर मला सांगितलेलं सगळं सांगितलं. पिंप, हसणं, पहिली हाक. तो तिच्यासमोर उकिडवा बसला होता. मला वाटलं ती त्याला मारेल. तिनं सूप बाजूला ठेवलं. शेजारच्या घरातला माग चालू होता.

"ह्ये तू कोणाला बोलला?" तिनं विचारलं.

"कुणाला न्हाय, अम्मा."

"मग बोल. सरकारला बोल. ही लिहिती की चांगलं."

मी वहीचा कागद फाडला. अण्णा सांगत गेला, मी लिहीत गेले. एका ठिकाणी मी लिहिलं, 'आतून आर्त हाक आली.' सवयीनंच आलं ते. अण्णानं कागदाकडं बघितलं. "आर्त काढ," म्हणाला. "हाक आली. बास." मी तो शब्द खोडला. आणखी दोन-तीन खोडले. उरलेला कागद फार छोटा झाला.

तो घेऊन आम्ही तिघं कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात गेलो. याचा निकाल लागायला किती काळ गेला आणि किती थोडा लागला, हे सांगण्यासारखं नाही. मालकांना किरकोळ दंड झाला, मॅनेजरची बदली झाली, लच्छम्माला भरपाई मिळाली ती तिच्या हातांना विडी वळवत नव्हती त्या वयात. अण्णाची नोकरी पहिल्याच आठवड्यात गेली. तो टेंभुर्णीला ट्रकच्या गॅरेजात लागला, तिथंच संसार केला, तिथंच आहे. गाणी ऐकतो. म्हणत नाही.

पण त्या सकाळी यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं. खिडकीतल्या कारकुनानं कागद वाचला. भला माणूस होता. आम्हाला बसायला बाकडं दाखवलं होतं त्यानं. एका ओळीवर त्यानं पेन टेकवलं आणि आवाज खाली आणून अण्णाला म्हणाला, "ही ओळ कशाला ठेवताय? 'पहिल्या हाकेला मी गेलो नाही, हसलो.' ही काढून टाका की. हिच्याशिवाय बी तुमचं काम होतंय. उगं तुमच्याच अंगावर येईल."

अण्णानं लच्छम्माकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. "असू द्या," म्हणाला. "तेवढी एक माझी हाय."

कारकुनानं खांदे उडवले आणि शिक्का मारला.